तिसरं बटण

सांगलीत हळदीच्या पेढीवर मी कारकून होतो, तेव्हा तिथं पहिला कॉम्प्युटर आला. त्याचा प्रोग्राम लिहायला तासगावहून एक माणूस यायचा. चपला बाहेर काढून खुर्चीवर मांडी घालून बसायचा. पडद्यावर प्रश्नाची चौकट टाकायच्या आधी आम्हालाच विचारायचा, "तुमी घरी कसं इचारता?" मग इंग्रजी काढून 'व्हय' आणि 'न्हाई' अशी बटणं बसवायचा.

त्या वर्षी मालकांचे धाकटे भाऊ वारले. भागीदारांतून त्यांचं नाव काढायला मालक स्वतः बसले. चौकट आली, 'नाव पुसायचं?' मालकांचा हात माउसवर तसाच राहिला.

तासगावचा तो माणूस शेजारीच होता. त्यानं कीबोर्ड ओढून घेतला. थोड्या वेळानं चौकटीत तिसरं बटण आलं, 'ऱ्हाऊ दे'.

मी गोंधळलो. "अहो, 'न्हाई' आहेच की. मग ह्यात फरक काय?"

"काय सुदीक न्हाई. दोन्ही एकच काम करत्यात."

मालकांनी 'ऱ्हाऊ दे' दाबलं आणि जेवायला उठले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच भूक लागली, म्हणाले. एकच काम करणारी दोन बटणं कशाला, हे मला अजून कुणाला नीट समजावून सांगता येत नाही.