भट्टीवर दवाखाना

कमलीबाईच्या तोंडाला कवठदरीत सगळेच वचकून असत. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी इंद्रभान पाटलाची वीटभट्टी आहे. भट्टीच्या वाटेवरच कमलीबाईचं चहा-भज्यांचं टपरं. गुडघे धड होते तोवर ती नवऱ्यासोबत, लालसिंगसोबत, तांड्यातून ऊसतोडीला जायची. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं होईना, तेव्हा मुकादमानंच नको म्हटलं. आता मुलगा राजपाल आणि सून जातात.

राजपालला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तान्हा असताना फडावर त्याचा कान वाहू लागला. कमलीबाई त्याला उचलून तिथल्या सरकारी दवाखान्यात गेली, तर तिथल्या बाईनं आधी गाव विचारलं. वाशीमकडचं म्हटल्यावर ती म्हणाली, मग तिकडंच दाखवा, आमच्याकडं इथल्या लोकांपुरतीच औषधं येतात. गावी परतायला अजून अर्धा हंगाम बाकी होता. परतले तोवर कान गेलेला.

दिवाळी झाली की इंद्रभानच्या भट्टीवर मेळघाटातले कोरकू आदिवासी मजुरीला येत. यंदा त्यांच्यात सुगराय नावाची कोवळी पोर होती, पहिलटकरीण. नवरा मोतीराम चिखल मळायचा, ती साच्यात विटा पाडायची. एकदा चहा घ्यायला आली आणि टपऱ्याचा बांबू धरून खालीच बसली. कमलीबाईनं तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

तशीच तिला घेऊन कमलीबाई गावच्या उपकेंद्रात गेली. तिथली नर्स रूपाली जवळच्याच गावची, स्वभावानं बरी. पण दोन गावं आणि चार तांडे एकटीच्या अंगावर, त्यामुळं सदा घाईत.

"काकू, बाई मेळघाटातली हाये," रूपाली म्हणाली. "तिची नोंद तिच्या गावात झाली असंल. आपल्या लोकसंख्येत ती बसत नाई."

कमलीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं परमुलखात जे ऐकलं, तेच आता आपल्या गावात, आपल्याच माणसाच्या तोंडून.

"पोरीच्या अंगात रगत नाई, सिस्टर. रगताले गाव रायते काय?"

रूपाली ओशाळली. तिनं लोहाच्या गोळ्या दिल्या, पण रक्त तपासायला मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, तेही सकाळी, असं सांगितलं. घोडं तिथंच अडलं. विटा पाडायचं काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं, ते ऊन तापेपर्यंत चालतं. माणसं हातपाय धुऊन मोकळी होतात तोवर दवाखान्यात तपासणीची चिठ्ठी मिळणं बंद.

कमलीबाई इंद्रभानकडं गेली. तो म्हणाला, "मी कोनाले अडवलं का, कमलीबाई? जाऊ द्या ना तिले."

"अन् ती गेली तर मोतीरामच्या हाताखाली कोन? जोडी तुटली का काम थांबते, हे तुमाले नाई ठाऊक?"

इंद्रभाननं मोटारसायकलला किक मारली.

ग्रामसभेत ती उभी राहिली. दवाखान्याची गाडी भट्टीवर आली पाहिजे, म्हणाली. कोणी हसलं, कोणी म्हणालं, आपल्याच लोकाईले गोळ्या भेटत नाई. पण ती खालीच बसेना, म्हणून सरपंचानं एकदाचा ठराव घेतला. आणि नवल म्हणजे शिबिर झालंसुद्धा! गाडी आली ती भर दुपारी, सगळे झोपड्यांत मेल्यासारखे पडलेले असताना. पांढरी गाडी पाहून लोकांना वाटलं सरकारी चौकशी आली. जे जागे होते तेही आत सरकले. डॉक्टर बाभळीखाली उभे राहिले, पोरांना जंताच्या गोळ्या दिल्या, फोटो काढला आणि गेले. वर कळवलं की मजुरांचा प्रतिसाद नाही.

हे ऐकून कमलीबाई दुसऱ्या दिवशी एसटीनं थेट मोठ्या दवाखान्यात जाऊन धडकली.

"प्रतिसाद नाई म्हंजे काय, साहेब? झोपल्या मानसाचा प्रतिसाद कसा भेटन? बाजाराच्या दिवशी भट्टी बंद रायते. त्या दिवशी संध्याकायी या, मी सगळ्याईले रांगेत उभं करतो."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं. संध्याकाळच्या गाडीसाठी वर मंजुरी मागतो," म्हणाले. मंजुरी येईपर्यंत तीळसंक्रांत गेली, महाशिवरात्र गेली. सुगरायचे पाय सुजले, चपलेत मावेनात. शेवटी तारीख आली, तीही होळी झाल्यावरची.

कमलीबाई पुन्हा एसटीत.

"साहेब, होळीले हे लोक घरी जातात. त्याईचा मोठा सण हाये. भट्टीवर चिटपाखरू नाई रायनार."

"काकू, एकच गाडी सगळ्या भागात फिरते. तारीख माझ्या हातात नाही."

ती उपकेंद्रात आली ती तणतणतच. रूपालीसमोर सगळी आग ओकून झाल्यावर म्हणाली, "तुमी तरी या. तुमाले कोनाची मंजुरी पायजे?"

होळीआधीच्या बाजाराला संध्याकाळी रूपाली स्वतःची स्कूटी घेऊन टपऱ्यावर आली. सुगरायच्या दंडाला पट्टा बांधून तिनं रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला.

"लय वाढलाय. उद्याच वाशीमले भरती व्हा लागते. झटके येऊ शकतात."

मोतीराम म्हणाला, "होली है, बाई. माँ के पास जायेगी. यहाँ दवाखाने में उसके पास कौन बैठेगा?"

"मी बसतो," कमलीबाई म्हणाली.

पण सकाळी मेळघाटाकडं जाणारी जीप आली आणि तिच्यात दाटीवाटीनं सगळे गेले, सुगरायही. रूपालीनं सुगरायच्या गावाकडच्या नर्सचा नंबर शोधून फोन करून ठेवला होता, तेवढंच.

ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी गाडी आली. डॉक्टर, रक्त तपासणारा माणूस, औषधांची खोकी, बॅटरीचा दिवा. कमलीबाईनं मागितलं होतं ते सारं. झोपड्यांची दारं दोरीनं बांधलेली. कमलीबाई टपऱ्यात पाठ करून भांडी घासत बसली. रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून त्यांनी तिचाच रक्तदाब घेतला. तो वाढलेला निघाला. तिला गोळ्या मिळाल्या. त्या तिनं फळीवर आदळल्या.

मोतीरामचा फोन आला तो रंगपंचमीनंतर. सुगरायला घरीच झटके आले होते. तिथल्या नर्सनं गाडी बोलावली म्हणून ती वाचली. पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली, अजून काचेच्या पेटीत आहे. फोन ठेवल्यावर कमलीबाईला बरं वाटावं की रडावं, कळेना. लालसिंग म्हणाला, "वाचली ना? मंग आता तरी सोड."

"अशीच वाचा लागते काय तिनं?" ती खेकसली.

भट्टी पुन्हा सुरू झाली. काही जुने परतले, काही नवे आले. त्यांच्यातही एक पोटुशी होती. गाडीची फेरी आता दुसऱ्या भागात होती. इथला नंबर पावसाळ्यात लागणार होता, म्हणजे भट्टी थंड झाल्यावर. बाजाराच्या संध्याकाळी रूपाली स्कूटीवरून टपऱ्यावर आली, तेव्हा कमलीबाईनं नवी आलेली पोर तिच्यापुढं आणून उभी केली. या वेळी रूपालीनं गाव विचारलं नाही. नाव लिहून घेतलं आणि पिशवी आवरू लागली.

"पन पुढच्या बाजाराले मी नाई येऊ शकत, काकू. ट्रेनिंग हाये."

"मंग दुसऱ्या दिवशी या."

"दुसऱ्या दिवशी दुपारीच जमते मले. तवा तर झोपलेले रायतात ना सगळे?"

"तुमी या तर," कमलीबाई म्हणाली. "उठवतो मी."