कोपऱ्यातला बेडूक

धबधब्याच्या ऐन धारेखाली एक ढेरपोटे गृहस्थ खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. अंगावर काळाभोर रेनकोट, भोवती पाणीच पाणी, पण मिशीचे टोकसुद्धा ओले नाही. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, छत्री धरलेला एक इवलासा हिरवा बेडूक डोळे मिटून शिंकतो आहे... ‘बेडकाला पडसे झाले, आमचे गिऱ्हाईक मात्र कोरडे!’

रामनगरच्या बाजारातल्या आमच्या छत्र्या-रेनकोटांच्या दुकानात वैशाख सरता सरता या जाहिरातीच्या कार्डांचा गठ्ठा येई. ताज्या शाईचा त्याचा उग्र वास नव्या रबराच्या आणि गोणपाटाच्या वासात मिसळला, की मला वाटे, पावसाळा या गठ्ठ्यातच बांधून येतो. अण्णा – माझे वडील; सारा बाजारच त्यांना अण्णा म्हणे – कार्डांच्या पाठीवर गिऱ्हाइकांचे पत्ते वळणदार अक्षरांत लिहीत, आणि ती टपालपेटीत टाकण्याचे काम माझे.

मी नऊ वर्षांची होते. त्या बेडकाने मला अशी भुरळ घातली, की पेटीकडे जाण्याआधी मी कापडाची जड कात्री उचलली, बारा कार्डांचे कोपरे कापले आणि बारा बेडूक वहीच्या पानांत दडवले.

मरणाची वार्ता आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असतो, हे आमच्या मुलखात कोणाला सांगावे लागत नसे. तसले कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नसत. अंगणातच वाचायचे आणि फाडून टाकायचे. म्हणूनच तर घरातल्या लेकरांच्या दृष्टीस ते कधी पडत नसे... माझ्याही पडले नव्हते.

मृगातल्या एका दुपारी कुंभारवाड्याची बस आली, आणि पानांनी शाकारलेले इरले डोक्यावरून पाठीपर्यंत घेतलेली भागाक्का दुकानापुढे येऊन उभी राहिली. आमची जुनी गिऱ्हाईक. पण आज ती पायरी चढेना.

“वर ये की अक्का, भिजतीस कशाला?” अण्णा म्हणाले.

“न्हाई अण्णा. हातात असलं हाय. हितनंच वाचा.”

तिने केळीच्या पानाची गुंडाळी पुढे केली. आत कोपरा नसलेले कार्ड होते.

तिचा एकुलता एक मुलगा पुंडू कारवारला मासेमारीच्या लाँचवर होता. बसच्या ड्रायव्हरने आणून दिलेले ते कार्ड तिने दोन दिवस गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवले होते.

“वाडीत कुणाकडनं वाचून घ्यायचं न्हाई व्हय?”

“वाचलं न्हाई तवर पोरगं जितं हाय, म्हटलं.” तिचा आवाज कोरडा होता. “दोन दिस चूल पेटली न्हाई. त्यात पाण्याखाली बसल्याला मानूस बी काढलाय की हो...”

अण्णांनी कार्ड वाचले, उलटून पाहिले, पुन्हा वाचले.

“अक्का, तुझा पुंडू बरा हाय. ही रेनकोटाची जाहिरात हाय. मीच धाडलीया.”

“तुमी? कोपरा फाडून?”

अण्णांची नजर कात्रीकडे गेली, तिथून माझ्याकडे आली. मी वही आणून त्यांच्यापुढे उघडली.

भागाक्का मटकन पायरीवर बसली. पदर तोंडाशी धरून बराच वेळ रडली; मग चित्राकडे पाहता पाहता तिला हसू फुटले. “ह्या ढेरपोट्यापायी मी दोन दिस उपाशी व्हय? आन् मुडदा बसलाय पेपर वाचत!”

मग तिने मला जवळ बोलावले. मी गाल आक्रसून उभी राहिले.

“त्याचं बेडूक आण. जोड परत.”

“नवं कार्ड देतो की, हे टाक फाडून,” अण्णा म्हणाले.

“आता फाडलं तर पोराच्या नावानं फाडल्यागत व्हईल. ह्येच घरात न्हेणार, पर पुरं झाल्याबिगर न्हाई.”

अण्णांच्या डब्यातली भाताची शिते बोटांत चुरडून मी बेडूक पुन्हा कोपऱ्यात बसवला. बेडूक किंचित तिरका बसला. अण्णांनी तिला एक रेनकोट देऊ केला. “इरलं बरं हाय,” ती म्हणाली, “ते घालून वाकून भात लावाय येतंय,” आणि कार्ड छातीशी धरून बसकडे निघाली. अण्णांनी त्याच दिवशी उरलेल्या अकरा घरांना, धडधाकट कोपऱ्यांची, क्षेमकुशलाची कार्डे लिहिली.

यंदाच्या श्रावणात, कितीतरी वर्षांनी, मी कुंभारवाड्याला गेले. भागाक्काला दाखवायची म्हणून ती वही पिशवीत होती. भागाक्का नव्हती. पुंडूचे केस पांढरे झाले आहेत.

“आई गेली तवा कार्ड कुणाला न्हाई धाडलं, फोनच केलं,” तो म्हणाला. “ह्ये मात्र टाकू नको म्हणाली हुती.”

देवांच्या फळीशेजारी ते कार्ड भिंतीला होते. धुराने गृहस्थ पिवळे पडलेले, धबधबा जवळजवळ विरलेला... आणि कसरीने शिते खाऊन टाकल्यामुळे कोपरा पुन्हा रिकामा.

मी वही उघडली. अकरा बेडूक अजून शिंकतच होते. त्यांतला एक मी अलगद सोडवून तळहातावर घेतला. पुंडूने तो पाहिला, स्वयंपाकघरात गेला, आणि बोटाच्या टोकावर दोन ऊन शिते घेऊन आला.