पॉइंट तीनवरचे मोठेबाबा

मोठेबाबा गेल्याची बातमी बाबांनी फोनवर इतक्या हळू आवाजात सांगितली, की मला ती पुन्हा विचारावी लागली. आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. आंधळगावात आमची धानाची राइस मिल. तिच्या पट्ट्याच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावंच लागे, आणि मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, जेवताना मीठसुद्धा मिलमधून हाक मारल्यासारखं मागायचे. असा माणूस दुपारी जेवून आडवा झाला आणि झोपेतच गेला. उभ्या आयुष्यात त्यांनी आवाज न करता केलेली ही एकच गोष्ट... आणि तीही आम्हाला मुळीच आवडली नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते आणि फावल्या वेळात लाइव्ह कोडिंग. म्हणजे लॅपटॉपवर ओळी लिहायच्या आणि लिहिता लिहिताच त्यांचं संगीत वाजत राहतं. एक ओळ ढोलकीची, दुसरी झांजेची, अशा ओळी एकीवर एक चढवत न्यायच्या. ओळ बदलली की वाजणंही तिथल्या तिथे बदलतं. एका दिवाळीला घरी आले असताना हा उद्योग चालला होता, तर मोठेबाबा मागे येऊन उभे राहिले. मिल मुलाच्या हाती दिल्यापासून ते रिकामेच होते.

“कोण वाजवून राहिलं हे?”

“मीच, मोठेबाबा.”

“हात तं लिहून राहिले तुझे.” त्यांनी खुर्ची ओढली आणि सुट्टीभर काही सोडली नाही.

प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाजाचा आकडा असतो. शून्य म्हणजे गप्प, एक म्हणजे पूर्ण. मी ढोलकी पॉइंट तीनवर ठेवलेली पाहून त्यांचा चेहराच पडला. “पाहुण्याच्या पानात कोणी पाव वाटी वरण वाढते काय? कायले कंजुसी करून राहिली?” असं म्हणून त्यांनी तिथे पाच लिहिलं. माझा छोटा स्पीकर एकदा खाकरला आणि कायमचा बसला. स्वयंपाकघरातून मोठीआईचा, त्यांच्या बायकोचा, आवाज आला, “पानभर वरणच ओतलं तं भात कुठं दिसन जी?” मोठेबाबा उठले आणि मांडव-स्पीकर भाड्याने देणाऱ्या बिछायतवाल्याकडून कमरेएवढा स्पीकर घेऊन आले.

दुसरी भानगड ओळी चढवण्याची. त्यांना सगळ्या ओळी एकदम हव्या असत: ढोलकी, झांज, शिवाय मी मिलमध्ये रेकॉर्ड केलेली पट्ट्याची खडखड. ऐकणाऱ्याला कळायचं नाही की गाणं चाललंय की दळण. मग मी त्यांना दाखवलं, की ओळीपुढे दोन तिरप्या रेघा मारल्या की ती ओळ गप्प होते. “म्हणजे बैलाले मुसकं बांधलं,” ते खूश होऊन म्हणाले. त्यानंतर ते एकेक मुसकं सोडायचे, जरा थांबायचे, मग दुसरं.

मोठीआई रोवणीची गाणी गाते, हे गावातल्या साऱ्या बायांना ठाऊक होतं. नवऱ्याला नव्हतं. ती गायची धानाच्या बांधीत, चिखलात रोपं लावताना, आणि ते मिलमध्ये. मी तिचं एक गाणं रेकॉर्ड करून त्यांना ऐकवलं, तर ते स्पीकरला कान लावून बसले. “मले काहून ऐकू येऊन नाही राहिलं?” त्या दिवशी आम्हाला कळलं, की मिलने त्यांचे कान खाल्ले होते. मोठं तेवढं ऐकू यायचं, बारीक काहीच नाही. मग त्यांनी जाहीर केलं, की यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, मोठीआई गाणार आणि ते साथ करणार. मला ऐकू येत नाही तर निदान गावाला येऊ दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मोठीआईने अट घातली. “गाईन. पण माह्या गाण्यावर तुमची ढोलकी चढली तं सगळ्यायसमोर उठून जाईन.”

आली का पंचाईत! तिचं गाणं लोकांना ऐकू जायचं तर साथ इतकी हळू हवी, की वाजवणाऱ्यालाच ती कळणार नाही. मोठेबाबांनी तोड काढली. स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवायचा. मुंग्या आल्या तर जास्त, नुसती धुकधुक लागली तर बरोबर.

मंडईच्या दिवशी शाळेच्या मैदानात पिपाण्या वाजत होत्या, भज्यांचा घाणा चालू होता, माणसं मोठमोठ्याने पाहुण्यांची चौकशी करत होती. मोठेबाबांचा एक हात खोक्यावर, दुसऱ्या हाताचं एक बोट लॅपटॉपवर. ढोलकीचं मुसकं सुटलं, मग पट्ट्याचं. मोठीआईने तोंड उघडलं तसे ते आकडे उतरवत गेले. पॉइंट तीन... पॉइंट दोन... समोरच्या बाया बोलायच्या थांबल्या. मागचे पुरुषही थांबले. तिचा तो बारीक, जरासा घोगरा आवाज सगळ्या मैदानावर पसरला आणि मला रडू यायला लागलं.

मोठेबाबांच्या तळहाताला मात्र आता काहीच लागत नव्हतं. ते घाबरले. एकदा तिच्या ओठांकडे बघत, एकदा माझ्याकडे. शेवटी न राहवून, मिलमधल्या आवाजात, “शीतल, गाऊन राहिली काय वं ती?”

अख्खं मैदान हसलं. मोठीआई मात्र उठली नाही. तिने गाणं पूर्ण केलं. घरी आल्यावर तिने त्यांच्या पानात मोजून पाव वाटी वरण वाढलं. “मी तं पॉइंट तीनवरच विचारलं,” मोठेबाबा जो भेटेल त्याला सांगत राहिले.

तेरवीनंतर मोठीआईने मंडईतल्या गाण्याचं रेकॉर्डिंग मागितलं. मी शहाणपणा करून मधली ती आरोळी कापली आणि स्वच्छ गाणं तिच्या मोबाइलवर पाठवलं. तासाभरात फोन आला. “यातले ते कुठं गेले?” मी त्यांना परत आणून ठेवलं.

परवा गावी गेले, तर दुपारची वेळ, मोठीआई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली, शेजारी मोबाइलवर तेच गाणं. मी दारातच थांबले. मोठेबाबांची हाक आली, तशी तिने सुपातून डोकं वर न काढता, रोजचंच असल्यासारखं उत्तर दिलं,

“हो जी. गाऊन राहिली.”