रिपोर्ट चांगला आलाय

आमच्या शेजारच्या चिकूवाडीतल्या काकू म्हणजे अर्ध्या डॉक्टर. काकांना मागे छातीत कळ आली, तेव्हापासून त्यांच्या गोळ्यांची नावं काकूंना आरतीसारखी पाठ आहेत. काकांची भाजी बिनमिठाची होते. त्यांना बंद झालेले पापड, लोणचं, तळलेले बोंबील काकू एकट्या संपवतात. "टाकायचं कशाला?"

चिकूची टोपली उचलली की काकूंना धाप लागते, डावा खांदा भरून येतो. "गॅस आहे गं," म्हणतात आणि लिंबूसोडा पितात.

कोसबाडला बायकांच्या हृदयतपासणीचं शिबिर होतं. मी काकूंना ओढतच नेलं. काकाही आले, कारण घरी त्यांना चहा कोण देणार? दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी वायरी हातात घेतल्या आणि काकू उठल्याच.

"मॅडम, आलोच आहोत तर ह्यांचाच ईसीजी काढा. मला काय धाड भरलीय?"

"अहो, शिबिर बायकांचं आहे!"

तोवर काका शर्टाची बटणं सोडून टेबलावर आडवेसुद्धा झाले होते.

काकांचा ईसीजी उत्तम निघाला. काकूंनी खुशीने बाईंना चिकूंची पिशवी दिली. रिक्षापर्यंतच्या चढावर मात्र त्या तीनदा थांबल्या. एका हातात काकांचा रिपोर्ट, दुसरा हात स्वतःच्या छातीवर. काका केव्हाच पुढे जाऊन रिक्षात बसले होते.

"काकू, मागे फिरा. आत्ताच्या आत्ता तुमचा काढू," मी ओरडले.

"आता कशाला गं?" काकू धापा टाकत म्हणाल्या. "रिपोर्ट चांगला आलाय ना!"