सूचक हाजिर हाये का?

ऑगस्टचा शेवटचा रविवार. औषधविक्रेत्यांच्या संघटनेची वार्षिक सभा, मोहाडी. हजर : अध्यक्ष, खजिनदार, तुमसरची नेहमीची मंडळी, पवनीचे दोघे, मोहाडीचे आम्ही सगळे. मी सचिव. मागच्या रांगेत पंख्याखालची खुर्ची रिकामी. तिथे बसणारे नाकाडोंगरीवाले भाऊ आता हजरच्या यादीत नाहीत, आणि गैरहजरच्याही नाहीत.

तुमच्याही संघटनेत असा एक सभासद असेल. कोणी ठराव वाचायला उभं राहिलं की भाऊ बोट वर करायचे आणि विचारायचे, "सूचक हाजिर हाये का?" सूचक म्हणजे ठराव मांडणारा. तो समोरच उभा असायचा, तरी विचारायचे. सभा हसायची आणि त्या बिचाऱ्याला "हाजिर" म्हणावंच लागायचं.

त्याला कारण होतं. पूर्वी कोणीही ठराव पाठवायचं, बहुतेक शेजारच्या दुकानदाराविरुद्ध, आणि सभेला फिरकायचं नाही. भांडण आमच्या गळ्यात. शेवटी भाऊंनीच नियम मंजूर करून घेतला : ठराव लेखी हवा, मुदतीत हवा, सूचक आणि अनुमोदक दोघांची सही हवी, आणि सूचकाने स्वतः येऊन तो वाचावा. नाही आला तर ठराव बाद. "ज्याले बोलाचं हाये त्यानं तोंड दाखवावं," एवढंच त्यांचं भाषण. माझं काम निम्म्यावर आलं.

तेव्हा त्यांना येणं सोपं होतं. वहिनीही फार्मासिस्ट होत्या. भाऊ सभेला, वहिनी दुकानावर. जंगलालगतच्या नाकाडोंगरीत आणि आसपासच्या खेड्यांत औषधाचं दुसरं दुकान नव्हतं. फार्मासिस्ट नसेल तर दुकान उघडायचं नाही, हा कायदा ते काटेकोर पाळायचे.

वहिनी गेल्या. त्यानंतर भाऊ सभेला आले नाहीत. त्यांचा ठराव आला.

ज्या गावात एकच दुकान आहे, तिथला सभासद आजारी पडल्यास बाकीच्यांनी पाळीपाळीने त्याच्या दुकानावर बसावं, असा तो ठराव. अक्षर पूर्वीपेक्षा बरंच मोठं होतं. मी फोन केला तेव्हा कळलं, काचबिंदू आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करायला सांगितलंय, नंतर पंधरवडाभर आराम. त्या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मग या आणि मांडा," मी म्हटलं.

"काउंटरवर कोणाले बसवू, ताई? त्याच्यासाठीच तं ठराव हाये."

सभेत मी त्यांचं नाव वाचलं. मागून कोणीतरी त्यांच्याच सुरात विचारलं, "सूचक हाजिर हाये का?" सगळे हसले. ठराव बाद.

पुढच्या वर्षी तोच ठराव पुन्हा आला. मी म्हटलं, तुमच्यापुरता नियम बाजूला ठेवू, फोनवरून वाचा. ते चिडले. "माहाच नियम हाये. माह्यासाठी मोडला तं मंग साऱ्यायसाठीच मोडा लागन."

अनुमोदकाची सही तुमसरच्या एका सभासदाची होती. त्यांना म्हटलं, तुम्हीच सूचक व्हा. ते म्हणाले, सूचक झालो तर पहिली पाळी माझ्यावरच येईल. बाकीच्यांना फोन केले. भाऊंसाठी सगळे जीव द्यायला तयार होते. एक आठवडा द्यायला कोणी नाही. आणि पदाधिकाऱ्याने ठराव मांडायचा नाही, हाही आमचाच नियम.

मीही फार्मासिस्ट, आणि माझं दुकान रविवारी बंद; म्हणून दोन रविवार त्यांच्या काउंटरवर जाऊन बसले. पण पंधरवड्याचा आराम रविवारांत मावत नाही. भाऊ आत जाऊन झोपलेही नाहीत, शेजारीच बसून राहिले. एक म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आली. सवयीने त्यांनीच पाकीट उचललं, दिव्याखाली धरलं, नाकाशी नेलं, मग तिच्यापुढे करून म्हणाले, "काय लिवलं हाये, वाच बरं."

"मले वाचता आलं असतं तं तुह्याकडं कायले आली असती, बापू?"

भाऊ खळखळून हसले. मी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं. गोळी बरोबर होती.

या उन्हाळ्यात त्यांनी शटर ओढलं आणि परवाना परत केला. काही चूक झाली का, मी भीत भीत विचारलं. "झाली नाही. व्हाच्या आंधीच बंद केलं," ते म्हणाले. मग ऑपरेशन झालं. उरली तेवढी नजर वाचली, ती फार नाही. आता ते गोसीखुर्दकडे लेकीजवळ असतात. नाकाडोंगरीची माणसं गोळ्यांसाठी एसटीने तुमसर गाठतात.

सभेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "आता रिकामाच हावो, ताई. म्हणशीन तवा येतो." मी काही बोलणार तोच स्वतःच म्हणाले, "पण आता सभासद कुठं हावो मी?"

या वेळी मी त्यांचा विषय पत्रिकेवर पुन्हा घेतला, सूचकाची जागा कोरी ठेवून. तो वाचला आणि सभेकडे पाहिलं. एकट्या दुकानाचे आमचे आणखी काही सभासद आहेत. त्यांच्यातला एकही आलेला नव्हता. आलेल्यांपैकी कोणी हात वर केला नाही. मागून कोणी काही विचारलंही नाही. मी पुढचा विषय वाचायला घेतला.

सभेनंतरच्या कामांची यादी मी त्याच संध्याकाळी करते. हॉलचं भाडं दिलं, इतिवृत्त अध्यक्षांकडे पाठवलं, खुर्च्या परत गेल्या. एकच काम उरलंय : सूचक शोधणे.