वीतभर माती

माती तपासण्याच्या कचेरीत तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे मातीमास्तर म्हणत, आणि तो ऐकून फुगत असे. "माती बोलते," असं तो म्हणे. ओली माती चिमटीत दाबायची, तिची पट्टी निघते का ते बघायचं. होतच नसेल तर रेताड, बोटभर झाली तर पोयटा, लांबत गेली तर चिकण. नारळाला रेताड पोयटा उत्तम, पण खाली मुळांना पुरुषभर मोकळी जागा हवी आणि पाणी साचता कामा नये. कोणी वरवरचा नमुना आणला की मास्तरच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, "वीतभर मातीत कोथिंबीर लावा, नारळ नाही!"

धाकट्या भावाशी जमिनीची वाटणी झाली, तेव्हा दोन्ही तुकड्यांची प्रतवारी त्यानेच केली होती. दोन्ही सारखे, पहिली प्रत. सात वर्षांनी त्याची नारळाची झाडं लगडली आणि कुंपणापलीकडची धाकट्या भावाची झाडं पिवळी पडून उभी राहिली. "आळशाला कुठली माती पुरणार?" असं मास्तर गावभर सांगत सुटला. हे बोलताना त्याला लाज वाटली नाही, एवढं नक्की.

शेवटी धाकट्याने झाडाशेजारी खड्डा खणला आणि त्याला बोलावलं. प्रतवारी चुकल्याचं मास्तरने कबूल केलं, तरच वाटणी नव्याने होणार होती.

"उतर खाली, दादा."

मास्तर उतरला. दोन फुटांखाली निळसर घट्ट चिकण माती, तिच्यावर साचलेलं घाण पाणी आणि आडवी वळलेली मुळं. त्याने सवयीने चिमूट घेतली. पट्टी लांबतच गेली, तुटेना.

"चौथी प्रत," तो पुटपुटला. "चूक झाली रे. तेव्हा मी वरची वीतभरच बघितली."

धाकट्याचा चेहरा जरा सैल झाला. चूक कोणाच्याही हातून होते. पण काठावर उभी असलेली त्याची बायको मास्तरकडे रोखून बघत होती.

"भाऊजी, आणि तुमच्या तुकड्यात किती खणलं होतंत?"

मास्तरने हातातली पट्टी पुन्हा मळायला घेतली.

"बोला की! माती बोलते म्हणता ना, मग तुम्हीही बोला."

"छातीपर्यंत," तो म्हणाला.

धाकट्याने फावडं उचललं आणि खड्डा बुजवायला घेतला. मास्तर अजून आतच होता.