अर्धा कोयता

मंडळी, आज हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार न्हाई.

सकाळी माजलगाव रस्त्यावरच्या माझ्या स्वतःच्या गुऱ्हाळात पहिला गूळ निघाला. तेवढ्यात दारात जीप थांबली. उतरलं कोण, तर आमचे जुने ऊसतोड मुकादम! माझ्या गुऱ्हाळाला मजूर पुरवायचे होते त्यांना.

बाहेरच्या लोकांसाठी सांगते. ऊसतोडीत आमच्याकडं माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा. माझा नवरा वारला, त्या साली याच मुकादमांनी मला टोळीत घेतलं न्हाई. "अर्धा कोयता नेऊन काय करू, बाई?" म्हणले.

तो शब्द लई झोंबला. दुसऱ्याच्या गुऱ्हाळात चुलाणाला जाळ घालता घालता मी गूळ करायला शिकले. इतकी जिद्द धरली, की आज हे उभं हाय.

मुकादमांनी वर बघून बोर्ड वाचला. "अर्धा कोयता गूळ? हे कसलं नाव ठेवलं, ताई?"

मी त्यांच्या हातावर ताज्या गुळाचा खडा ठेवला. "मी कुठं ठेवलं, मुकादम? तुमीच ठेवलंय."

कामावरच्या बाया पोट धरून हसल्या. मुकादमांनी मान खाली घातली, गूळ खाल्ला, अन आणखी मागितला!

मजूर घेतले मी. एकट्या बाया आधी, अन मजुरी माणशी.

नावं तर तुम्हालाही ठेवली असतील लोकांनी. त्यातलं बोर्डावर लावण्यासारखं कोणतं, सांगा बरं?